मेलेले जंतू आणि मिनिटाला एक चमचा

हुरड्याचे दिवस होते. ओपीडीत सर्दी-खोकल्याची नेहमीची गर्दी. सकाळी साडेदहाच्या सुमाराला रांग मोडून एक आजी थेट आत शिरल्या. खांद्यावर दीड वर्षाचा नातू, मागे सून, आणि सुनेच्या पर्समधून डोकावणारा एक चकचकीत खोका.

आदल्या दिवसापासून आठ-नऊ जुलाब, तीन उलट्या. पोर किरकिरं झालेलं, डोळे खोल गेलेले. पाण्याचा ग्लास दिसला की त्यावर झडप घालत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. शेवटची शू कधी झाली, ते आईला आठवेना.

"ओआरएस किती पाजलं?"

"ओआरएस नाही मॅडम, हे दिलं. रोज एक पुडी देत होते, काल दोन दिल्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, द्या म्हणून."

खोका टेबलावर आला. पोस्टबायोटिक, म्हणजे उपयोगी जंतू मारून केलेली पावडर. दोन महिन्यांपूर्वीचं सगळं मला लख्ख आठवलं. तिची शाळेतली नोकरी सुरू झाली, बाळ पाळणाघरात जायला लागलं आणि दर पंधरवड्याला आजारी पडायला लागलं. पुण्याच्या नणंदेनं ह्या पुड्या सुचवलेल्या. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना तिनं मला मोबाईलवर फोटो दाखवला होता, आणि मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले होते, "द्या हवं तर, अपाय काही नाही." तेव्हा ते वाक्य खरंच होतं. पण ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे सांगायला लागली असती ती दोन मिनिटं मी दिली नव्हती.

वजन साडेदहा किलो. किलोला 75 मिलि, म्हणजे चार तासांत जवळपास 800 मिलि ओआरएस जायला हवं होतं. सलाईनची गरज नव्हती, पोर पीत होतं. एक लिटर पाण्यात एक पुडी विरघळवून सिस्टरनं भांडं आणि चमचा आजींच्या हातात दिला. मिनिटाला एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. हे काम आजींसारखं कुणाला जमत नाही. आया घाबरून वाटीच तोंडाला लावतात, मग ते भडाभडा बाहेर येतं.

ओपीडीच्या मधल्या वेळात मी दर अर्ध्या तासानं जाऊन बसत होते. आजींनी खोक्यावरचं सुनेकडून वाचून घेतलं होतं आणि त्या खवळल्या होत्या. "मेलेले जंतू पाजत होतीस व्हय लेकराला?"

सुनेची बाजू मला घ्यावीच लागली. कारण मेलेल्या जंतूंची गोष्ट थोतांड नाही. इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी पाळणाघरात जाणाऱ्या, एक ते चार वर्षांच्या मुलांना हिवाळ्याचे तीन महिने रोज अशी पावडर दिली होती. गाईचं दूध लॅक्टोबॅसिलस पॅराकेसीच्या एका ठरावीक वाणानं आंबवायचं, मग उष्णतेनं ते जंतू मारून दूध वाळवायचं. साधी पावडर मिळालेल्या मुलांपैकी साधारण 80 टक्के मुलांना त्या काळात एखादा तरी संसर्ग झाला. आंबवलेली मिळालेल्यांत हे प्रमाण 52 टक्क्यांच्या आसपास होतं. जंतू मेला तरी त्याच्या भिंतीचे तुकडे आतड्यातल्या प्रतिकारपेशी ओळखतात आणि सावध होतात. त्या मुलांच्या शौचात संरक्षक प्रथिनं वाढलेलीही दिसली. पुढे 2020 मध्ये कोलंबियातल्या संशोधकांनी पोस्टबायोटिकच्या सात चाचण्या, 1740 मुलं तपासून पाहिली, तेव्हा त्यांतल्या याच वाणाच्या दोन चाचण्यांत जुलाबाचा धोका निम्म्यावर आलेला दिसला. चाचण्या थोड्याच आहेत. माझं म्हणाल तर मी अजून कुणाला आपण होऊन लिहून देत नाही.

मेलेल्या जंतूंचा एक फायदा मात्र आमच्या सोलापूरकडे चटकन पटतो. एप्रिलात दुकानातल्या फळीवर जिवंत प्रोबायोटिकचं काय होत असेल, देव जाणे. इथे मरायला काही शिल्लकच नाही. शिवाय दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या, नाजूक बाळांत जिवंत जंतू रक्तात शिरायची धास्ती असते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2023 मध्ये तसा इशाराही दिला होता.

"मग हे चांगलंच की," आई म्हणाली.

मी खोका उलटा करून दाखवला. बारीक अक्षरात नुसतं 'लॅक्टोबॅसिलस', वाणाचं नाव नाही.

हे आजींना माझ्याआधी कळलं. "म्हंजे ज्वारी म्हणून विकली, पण मालदांडी हाय का दुसरी कुठली, ते सांगितलंच न्हाई."

अगदी तेच. मंगळवेढ्याच्या बाईला वाण शिकवायला मी कोण!

मग त्यांनी चमचा भरता भरता मला कोंडीत पकडलं. "बाई, ताकात जंतू असत्यात म्हणता. त्याची कढी केली की मरत्यात. मग आमची कढी काय वेगळी?"

मी हसले, पण उत्तर पटकन सुचलं नाही. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं पोस्टबायोटिकची व्याख्या केली, तिच्यात निर्जीव जंतू किंवा त्यांचे तुकडे तर हवेतच, पण त्यांचा फायदाही सिद्ध झालेला हवा. जंतू कुठला, मारला कसा, हे सगळं ठाऊक हवं. घरोघरच्या विरजणात काय काय असतं ते विरजण लावणारीलाही ठाऊक नसतं. "कढी चांगलीच आहे आजी," मी म्हटलं, "फक्त तिच्यावर कुणी चाचणी केलेली नाही."

"पन्नास वर्सं मीच करतेय की."

आईला मी बाजूला घेऊन सगळं पुन्हा सांगितलं: ती पुडी दुखणं टाळायला, तीही जमलं तर, शरीरातलं पाणी आणि मीठ भरून काढणं तिचं काम नाही. जुलाब लागले की आधी ओआरएस, आणि झिंक चौदा दिवस. चूक माझ्या अर्धवट वाक्याची होती, हेही सांगितलं. ती रडली. मला ते अपेक्षित नव्हतं.

अडीचच्या सुमाराला वॉर्डातून आजींची हाक आली, सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशी. मी धावत गेले. पोर बसून बिस्किटाकडे हात करत होतं, आणि आजी मांडीवरचं ओलं नऊवारी लुगडं दोन्ही हातांनी उचलून मला दाखवत होत्या.