ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना

मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे स्टीलचे पाइप गंजले होते, म्हणून दोन्ही घरीच बदलले. साध्या पान्याऐवजी फ्लेअर नटचा पाना (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा) वापरला, तर नटाच्या कडा मरत नाहीत. ते काम पटकन झालं. वेळ खाल्ला तो आत शिरलेली हवा काढण्याने.

पाइप सोडण्याआधी पेडल थोडंसं दाबून त्याला लाकडी काठीचा टेकू दिला होता. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) ऑइलच्या टाकीकडचं भोक झाकलं जातं आणि टाकी रिकामी होत नाही. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत हे फार उपयोगी, कारण तिच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ब्रेकचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागात, हवा गेली तर बहुतेक वेळा स्कॅनर लावून आतला पंप चालवावा लागतो.

ब्लीडिंगला, म्हणजे हवा काढायला, भावाला पेडलवर बसवलं. मी चाकाजवळच्या निपलला (हवा बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. "दाब... धरून ठेव." निपल उघडायचा, बंद करायचा. "आता सोड." निपल बंद होण्याआधी पाय उचलला, तर आट्यांमधून हवा परत आत येते. पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून खाली फळी ठेवली होती. जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग गंजलेला असला, तर त्यावरून सरकताना सील फाटू शकतात. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघून घेतला. सगळ्यात लांबचं चाक आधी, हे सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही.

ऑइल डॉट ४ या दर्जाचं, नव्या डब्यातलंच घेतलं. ते हवेतली आर्द्रता ओढतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा धरल्यावरचा निकष १५५ वर येतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं.

बुडबुडे थांबले, तरी पेडल खालीच. इथे बहुतेक जण पुन्हा ऑइल वाया घालवत बसतात. मला ते पटेना, कारण पेडल स्पंजसारखं लागत नव्हतं. खाली जाऊन टणक होत होतं, आणि दोनदा दाबलं की वर यायचं. हवा असती तर वर आल्यावरही ते लवचिकच राहिलं असतं. मागचा रबरी होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने हलकेच आवळून मागे जाणारं ऑइल अडवलं, तर पेडल लगेच वर! म्हणजे दोष मागच्या ड्रममध्ये, चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यात. शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं होतं, म्हणून पेडल खाली जात होतं. अॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवत शू किंचित घासेपर्यंत आणले, मग थोडे मागे घेतले.

त्यानंतर पेडल जागेवर आलं. इंजिन चालू करून ते जोरात दाबून धरलं, भावाने प्रत्येक नटावर कोरडा कागद फिरवला. एक नट ओलसर निघाला, तो आवळून पुसला आणि पुन्हा तपासला. मगच गाडी रिकाम्या जागेत हळू चालवली.