आमची वाटचाल : कुडाळच्या चिरेबंदी घरातून नटांची डिजिटल प्रतिरूपे

कोकणच्या समुद्रावरील वादळाचे दृश्य चित्रित करायचे म्हटले, तर ज्या दिवसांत समुद्र खरोखर खवळलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै हा महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदीचा काळ आहे, आणि बंदी नसती तरी त्या लाटांत नटाला उतरवण्याची जबाबदारी कोणताही शहाणा निर्माता घेणार नाही. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला पाण्याची टाकी बांधून, पंखे लावून, स्टंटची माणसे आणून हा प्रसंग उभा करता येतो. कमी खर्चातल्या मराठी चित्रपटात मात्र तो बहुधा पटकथेतूनच गळतो, नाहीतर कोणीतरी धावत येऊन बातमी सांगतो आणि प्रेक्षकाने ते वादळ कल्पनेने पाहायचे असते. हे प्रसंग पडद्यावर यावेत या इच्छेतून आमचा छोटा व्यवसाय कुडाळमध्ये सुरू झाला. नटाच्या शरीराची आणि चेहऱ्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करणे, आणि जिथे प्रत्यक्ष नट जाऊ शकत नाही तिथे ती उभी करणे, हे आमचे काम. चित्रपटाच्या धंद्यात तिला डिजिटल डबल म्हणतात.

सुरुवातीचे भांडवल म्हणजे एक डीएसएलआर कॅमेरा, एक संगणक आणि विनामूल्य मिळणारी सॉफ्टवेअर. त्रिमितीय आकार आणि दृश्ये घडवणारे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ साली मुक्त स्रोत झाले, आणि छायाचित्रांवरून त्रिमितीय आकार काढून देणारे मेशरूमही तसेच खुले आहे. ही दोन साधने नसती तर तालुक्याच्या गावी हा धंदा थाटण्याचा विचारही आम्हाला परवडला नसता. छायाचित्रांवरून आकार काढण्याच्या या पद्धतीत, म्हणजे फोटोग्रामेट्रीत, एकाच वस्तूची सर्व बाजूंनी, एकमेकांवर बरीचशी चढणारी छायाचित्रे घेतात, आणि सॉफ्टवेअर त्यांतील समान खुणा हेरून प्रत्येक खूण नेमकी कुठे आहे ते गणिताने काढते. खुणा जितक्या वेगळ्या, तितके काम अचूक. सपाट चुन्याच्या भिंतीवर हेरण्यासारखे काही नसते. जांभ्या दगडात मात्र एका छिद्रासारखे दुसरे छिद्र सापडत नाही. आमच्या घरामागच्या खळ्याला तीन बाजूंनी चिऱ्याचे गडगे आहेत. नटाला मध्ये बसवून त्याच्याभोवती फिरत छायाचित्रे घेतली की पाठीमागच्या त्या दगडांमुळे कॅमेऱ्याची प्रत्येक जागा सॉफ्टवेअरला बिनचूक सापडत असे. प्रकाशाची सोय निसर्गानेच करून ठेवली होती. पावसाळ्यात दोन सरींच्या मध्ये, भरलेल्या आभाळातून येणारा उजेड सगळीकडून सारखा येतो, चेहऱ्यावर धारदार सावली पडत नाही, आणि असा प्रकाश स्टुडिओत मिळवायला मोठे सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या दिव्यांच्या पेट्या, लागतात.

अडचण होती ती माणसाच्या हालचालीची. माणूस कितीही स्तब्ध बसला तरी श्वासासोबत खांदे आणि मान किंचित हलतातच, आणि एकच कॅमेरा घेऊन फिरेपर्यंत तेवढ्या हालचालीने नाकाची कड दुहेरी येते. म्हणून पैसे हाती येतील तसे वापरलेले जुने कॅमेरे घेत गेलो आणि एकाच कळीने सगळे एकदम टिपतील अशी चौकट उभी केली. तिच्यासाठी खळे सोडून खोलीत जावे लागले, आणि तिथे घामाशी गाठ पडली. घामाची चमक पाहणाऱ्याची जागा बदलली की स्वतःची जागा बदलते, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती खूण सरकल्यासारखी वाटते आणि कपाळावर नसलेले खड्डे उमटतात. पावडर लावता येत नाही, कारण त्वचेची रंध्रे बुजतात आणि रंग खोटा येतो. त्यावरचा उपाय असा, की दिव्यांवर पोलरायझरचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीचा, पडदा लावायचा आणि लेन्सवरचा पोलरायझर त्याला काटकोनात फिरवायचा. मग चमक जवळजवळ नाहीशी होऊन त्वचेचा निव्वळ रंग उरतो. छायाचित्रांचा दुसरा संच पोलरायझर समांतर ठेवून घेतला की दोन्हींच्या फरकातून चमक कुठे किती आहे याचा स्वतंत्र नकाशा मिळतो. तरीही मे महिन्यात खोली आधी थंड करून ठेवावी लागते, आणि प्रत्येक टिपणीपूर्वी कपाळ, नाकाचा शेंडा आणि वरचा ओठ टिपकागदाने हलकेच टिपावा लागतो. चोळले तर त्वचा लाल होते, म्हणून हे काम आमच्याकडे एकाच सहकारी ताई करतात.

आम्ही टिकलो त्यामागे मात्र यंत्रांपेक्षा एक प्रश्न अधिक आहे, आणि तो आम्ही दिग्दर्शकाला सर्वांत आधी विचारतो : कॅमेरा या माणसापासून किती लांब आहे? रुंद पडद्याच्या, म्हणजे सिनेमास्कोपच्या, २के दर्जाच्या चित्रचौकटीची उंची ८५८ पिक्सेल असते. तीत होडीवरचा माणूस १५० पिक्सेल उंच दिसणार असेल, तर शरीर डोक्याच्या साधारण साडेसातपट धरल्यास त्याचे डोके जेमतेम २० पिक्सेलचे होते. त्या २० पिक्सेलांसाठी रंध्रे कोरत बसणे म्हणजे निर्मात्याचे पैसे समुद्रात टाकणे. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम असतात. संगणकाने त्रिमितीय दृश्यातून पडद्यावरचे चित्र काढणे म्हणजे रेंडर; त्यात एका फ्रेमला २० मिनिटे लागली तर एका संगणकाला ४० तास लागतात, आणि कमी बारकाव्यांची हलकी प्रतिकृती वापरून तीच फ्रेम पाच मिनिटांत झाली तर काम दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत, हातावेगळे होते. कमी खर्चाच्या चित्रपटाचा निर्णय या फरकावर ठरतो. त्यामुळे लांबच्या, मधल्या आणि जवळच्या शॉटसाठी आम्ही एकाच नटाच्या वेगवेगळ्या वजनाच्या प्रतिकृती करतो, आणि बोलणारा चेहरा पूर्ण पडदा व्यापणार असेल तर प्रत्यक्ष नटालाच उभे करावे असे स्पष्ट सांगतो. चेहरा जवळपास माणसासारखा, पण पुरता माणसासारखा नसला की पाहणाऱ्याला तो नकोसा वाटतो, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडून ठेवले आहे, आणि मराठी प्रेक्षक या बाबतीत मुळीच क्षमाशील नाही.

लांबून माणूस ओळखू येतो तो चालण्यावरून. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की अंधारात केवळ सांध्यांवरचे मोजके प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी माणूस चालतो आहे हे पाहणाऱ्याला तत्काळ कळते. म्हणून चेहऱ्याइतकाच वेळ आम्ही नटाची चाल टिपण्यावर घालवतो. हलत्या होडीत मच्छीमार गुडघे कसे सैल ठेवतो आणि तोल जाण्याआधीच कमरेतून कसा वळतो, हे शहरातून आलेल्या नटाला चार दिवसांत साधत नाही, आणि तयार हालचालींच्या संग्रहात ते सापडतही नाही. हे काम आम्ही दशावतारी कलाकारांकडून करून घेतो. जत्रांचा हंगाम संपला की पावसाळ्यात त्यांना सवड असते, युद्धाचे प्रवेश त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात, आणि पडताना हात कुठे टेकायचा हे त्यांना सांगावे लागत नाही. हालचाल टिपणारा पोशाख चढवून त्यांनी केलेली झटापट जेव्हा नटाच्या प्रतिकृतीवर बसते, तेव्हा तिच्यात जीव येतो. त्यांचे नाव श्रेयनामावलीत द्यावे, ही अट आम्ही प्रत्येक करारात घालतो.

डोळे छायाचित्रांतून कधीच नीट मिळत नाहीत, कारण बुबुळावरचे पारदर्शक पटल सॉफ्टवेअरला दिसत नाही. ते स्वतंत्रपणे करावे लागतात : आत रंगीत बुबुळ, त्यावर पारदर्शक फुगवटा, आणि खालच्या पापणीच्या कडेला ओलाव्याची बारीक रेघ. हे काम आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, वर्षानुवर्षे डोळे आखणारे एक मेस्त्री पाहतात. संगणकावर बसायला ते आधी तयार नव्हते. आज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही चेहरा बाहेर जात नाही. "डोळ्यातलो पांढरो कधी पांढरो नसता," हे त्यांचे पहिले वाक्य होते, आणि ते शास्त्रालाही धरून आहे : त्या भागात पिवळसर-निळसर झाक आणि बारीक शिरा असतात, शिवाय वरच्या पापणीची सावली त्यावर कायम पडलेली असते.

पावसात वीज जाते, हे गृहीत धरूनच आमची सगळी मांडणी आहे. रेंडर कधीही सलग चित्रफितीच्या स्वरूपात काढत नाही. प्रत्येक फ्रेम ईएक्सआर या चित्रप्रकारातल्या वेगळ्या फाइलीत साठवली जाते, त्यामुळे वीज गेली तर हातातली एकच फ्रेम जाते.

ज्या विषयाबद्दल आम्ही सर्वांत आग्रही आहोत तो संमतीचा. २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला, आणि डिजिटल प्रतिकृती हा त्यातील एक मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या नावाचा, प्रतिमेचा आणि आवाजाचा परवानगीविना वापर करण्यास मनाई केली. प्रसिद्ध नटाला वकील असतो. गर्दीच्या दृश्यासाठी उभा राहिलेल्या मालवणच्या मच्छीमाराला तो नसतो, आणि आमच्या चौकटीत त्याचेही शरीर तितकेच पूर्ण टिपले जाते. म्हणून आमचा करारनामा मराठीत आहे आणि सही घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवला जातो. कोणता चित्रपट, कोणता प्रसंग आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेले असते. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी पुन्हा विचारावे लागेल, हेही असते. एका निर्मात्याने अशा गर्दीतल्या प्रतिकृती नंतर जाहिरातीसाठी मागितल्या होत्या, आणि त्या माणसांना विचारल्याखेरीज आम्ही त्या दिल्या नाहीत. ते काम हातचे गेले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मूळ छायाचित्रे ज्याची त्याला डिस्कवर परत दिली जातात आणि आमच्याकडची प्रत पुसली जाते. ती ठेवायची असल्यास त्याची वेगळी सही लागते.

सध्या आमचे बरेचसे लक्ष ओल्या कापडावर आहे. काष्ट्याचे नऊवारी लुगडे भिजले की रंगाने गडद होते, जड होते, अंगाला चिकटते, आणि वाऱ्यात फडफडण्याऐवजी काठापासून पाणी निथळत राहते. संगणकाला हे चारही बदल एकाच वेळी, आणि परवडेल इतक्या वेळात, करायला लावणे कठीण आहे. लाटेच्या तडाख्यात किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बाईचा शॉट आमच्या हाती आहे, आणि त्यासाठी खळ्यात पुन्हा पुन्हा लुगडे भिजवून त्याची चित्रणे घेण्याचे काम चालू आहे.