आजीची मीन्याची अंगठी आणि एक राखाडी हिरा

आजीचं माहेर इंदूरचं. तिच्या आईची जडावाची अंगठी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. वर मधोमध माणिक, भोवती सहा पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेले, हिरे. उलटी केली की पांढऱ्या मीन्यावर लाल-हिरवी वेल, पट्टीवर पूर्ण फिरलेली. माझ्या बोटात ती पेरापाशीच अडायची. पट्टी कापून जराशी वाढवायची, त्यात काय एवढं, म्हणून पुण्यात एका दुकानात दिली.

त्यांनी आधी ती अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये धुतली. लखलखली, पण आठ दिवसांत एक हिरा राखाडी पडला. पोलक्याखाली उजेड परतावा म्हणून डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, घालतात. तिथे पाणी शिरलं होतं. विचारायला गेले तर, "ताई, जुना माल आहे, हॉलमार्कही नाही. मोडीत द्या." खडे आणि आत भरलेली लाख वजा करून नऊ ग्रॅमचे पाच झाले. मीन्याचा हिशेब कुठेच नाही! (कुंदन-पोलकी-जडावाला हॉलमार्कची सक्तीच नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर भांडले असते.)

रविवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने भिंग लावलं आणि अंगठी परत माझ्या हातात ठेवली. पट्टी कापली की टोकं सांधायला, म्हणजे डाग द्यायला, ज्योत लावावी लागणार. मीना म्हणजे सोन्यावर भाजलेली काच. जास्त आच लागणारे रंग आधी भाजतात, लाल सगळ्यात शेवटी, कारण तो कमी आचेचा. ज्योत लागली की पहिला बळी त्याचाच. शिवाय आतली लाख वितळणार ती वेगळीच. "हिऱ्याचं काम होईल, पण जयपूरला. जडिया गाठा." जडिया म्हणजे खडे जडवणारा कारागीर.

डिसेंबरमध्ये जयपूरला जायचं होतंच. जोहरी बाजारातल्या एका गल्लीत, दोन जिने चढून, जडिया सापडले. पहिलं वाक्य, "पीठ दिखाइए." म्हणजे अंगठीची मागची, मीन्याची बाजू. हिऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मीनाकार वेगळा, जडिया वेगळा. तरी आधी तपासली ती दुसऱ्याची कारागिरी.

मग पोलादी सळईने हिऱ्याभोवतीचं कुंदन, म्हणजे त्याला धरून ठेवणारं शुद्ध सोनं, उकरलं, हिरा उचलला. खालची डांक काळीठिक्कर. ती बदलून हिरा बसवला आणि चोवीस कॅरेटच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या कडेने दाबत गेले. इतकं शुद्ध सोनं नुसत्या दाबाने एकजीव होतं, आच लागतच नाही. म्हणूनच मीन्याला धक्का न लावता हे जमतं. तासाभरात कुठला हिरा बदलला ते मलाच ओळखता येईना.

माप वाढवायला मात्र त्यांनीही साफ नकार दिला. माझा हात ओढून अंगठी करंगळीत सरकवली. बसली!

आता तिथेच असते. भांडी घासताना काढून खिडकीत ठेवते, उलटी.