पांढऱ्या पोटाचा चंडोल

संग्रहालयात एकाच जातीचे इतके मेलेले पक्षी कशाला जपून ठेवलेत, असं प्रत्येक पाहणी समिती विचारते. मी चंडोलांचा खण ओढून दाखवते. काहींना पटतं, बरेचजण जागा किती अडते तेच मोजत राहतात.

त्या दिवशी एक संशोधक बाई कॅमेरा आणि रंगपट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांना पोटावरची काजळी मोजायची होती. अमेरिकेच्या कारखानदारी पट्ट्यातल्या पाच जातींचे १३४७ नमुने तपासलेलं असं काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. कोळशाच्या धुराचा १३५ वर्षांचा हिशेब पिसांतून निघाला. निवडलेले पक्षी वर्षातून एकदा पिसं बदलतात, म्हणून अंगावरची काजळी त्याच वर्षाची.

जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण लावलेला असतो, त्यामुळे हातमोजे घालूनच मी एकेक नमुना प्रकाशाखाली ठेवत होते. राखाडी पोटांच्या रांगेत १९०८चा एक चंडोल पांढराशुभ्र निघाला. बाईंना वाटलं, पिसं नुकतीच बदलली असतील. महिना कळला असता तर लगेच उलगडा झाला असता, पण पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर नुसतं साल! इतक्या कष्टाने पक्षी मिळवायचा, कातडं सोलायचं, कापूस भरायचा आणि महिना लिहायचा कंटाळा करायचा, याचा मला मनापासून राग येतो.

मी पंख किंचित उचलून भिंगातून पाहिलं. पिसांची टोकं झिजून विस्कटलेली होती. नव्या पिसांची कड अखंड असते. म्हणजे पिसं जुनी होती आणि पोट कुणीतरी धुतलं होतं. कातडं तयार करताना रक्त किंवा चरबी लागली की धुतात, त्यात गैर काही नाही. पण नोंद कुठेच नाही.

बाईंनी तो नमुना वगळला. मूळ चिठ्ठीला आम्ही हात लावत नाही. शेजारी दुसरी बांधून मी पेन्सिलीने 'बहुधा धुतलेला' असं लिहिलं, खाली तारीख आणि कारण.

हा सापडला तो पूर्ण पांढरा होता म्हणून. अर्धवट धुतलेले, थोडेच फिकट झालेले नमुने बाकीच्यांत मिसळले असतील, तर ते स्वच्छ हवेची साक्ष म्हणून मोजले जाणार. आता मी सगळ्या खणांतली पंखांची टोकं तपासते आहे.