पाचव्या मेटाटार्सलचं फ्रॅक्चर: स्क्रूपासून मैदानापर्यंत

पायाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवत आलं की मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. तो उंचवटा पाचव्या मेटाटार्सलचा, म्हणजे करंगळीमागच्या पावलातल्या लांब हाडाचा. माझं हे हाड त्या उंचवट्याच्या दीड-दोन सेंटीमीटर पुढे, म्हणजे करंगळीच्या बाजूला तुटलं होतं. अंतर मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. उंचवट्याचाच तुकडा निघाला असेल तर वॉकर बूट (पाऊल न वाकू देणारा, जाड सोलचा आधाराचा बूट) घालून, चालत-फिरत, सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांचं निभावतं. जरा पुढे तुटलं तर ते जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या सर्जनने १९०२ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, तेही स्वतःच्याच पायावरून; नाचताना मोडला होता. हाडाच्या त्या भागाला दोन्हीकडून येणारं रक्त कमीच पोचतं. म्हणून ते सावकाश जुळतं, आणि कधीकधी जुळतच नाही.

आपल्याकडे पहिली गडबड होते ती ‘मुरगळलाय’ म्हणून सोडून देण्यात. घोटाही सुजलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घोट्याकडे. तो उंचवटा आणि त्याच्या पुढचा भाग अंगठ्याने दाबून बघा. नेमकं हाडावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर त्याच दिवशी एक्स-रे. फोटो तिन्ही कोनांतून मागा: वरून, बाजूने आणि तिरका. तिरक्या फोटोत ही चीर सगळ्यात स्पष्ट दिसते. हाडवैदाकडे चोळून घेणं पूर्ण वर्ज्य, बारीक चिरेचं सरकलेलं हाड व्हायला तेवढं पुरतं. आणि मार लागायच्या आधी काही आठवडे तिथे ठसठसत होतं का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. तसं असेल तर हाड आधीपासून थकलेलं असतं आणि नुसत्या प्लास्टरवर भरवसा ठेवणं अवघड.

माझ्यासारख्या फुटबॉल खेळणाऱ्याला बहुतेक सर्जन स्क्रूच सुचवतात. प्लास्टरमध्ये सहा ते आठ आठवडे पाय टेकवायचाच नाही, आणि एवढं करूनही हाड न जुळण्याचा धोका शिल्लक राहतो. स्क्रू हाडाच्या पोकळीतून आडव्या चिरेच्या पार जातो. जाडी साधारण ४.५ ते ५.५ मिलिमीटर, हाडाच्या पोकळीच्या मापाने. बारीक स्क्रू वाकतो, म्हणून ‘कितीचा घालणार?’ हे विचारायला लाजू नका. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. आधार आणि रेशन कार्ड जवळ असू द्या.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच, नुसता स्टुलावर ठेवून भागत नाही. बोटं दर तासाला हलवायची, मांडीचे स्नायू आवळायचे, पाय सरळ उचलायचा, १५-१५ चे तीन फेरे. पोटरी गरम, ताठ आणि दुखरी झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्यात उद्यावर ढकलायचं काही नाही.

घरात खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, भारतीय पद्धतीचा संडास. एका पायावर उकिडवं बसणं जमत नाही आणि पडलात तर दुसरा पायही जातो. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती ऑपरेशनच्या आधी घरात आलेली बरी. दुसरी, शहाबादी फरशी. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, कूलर चोवीस तास, त्याचं पाणी फरशीवर. ओल्या शहाबादीवर कुबडी सरळ निघून जाते. खालचं रबराचं बूच गुळगुळीत झालं की लगेच बदला. कुबडीची वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटं जागा हवी, भार तळहातावर, काखेवर नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. प्लास्टरमध्ये घामाने खाज सुटली की पट्टी किंवा विणायची सुई आत घालू नका. कातडी सोलून जखम चिघळते.

टाके निघाल्यावर वॉकर बूट येतो, आणि ‘थोडा थोडा भार द्या’ असं सांगितलं जातं. थोडा म्हणजे किती? यावर मला सापडलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घरातला वजनकाटा. बूट घातलेला पाय काट्यावर, दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर, दोन्ही कुबड्या हातात. काटा १५ किलो दाखवेल इतकंच दाबायचं आणि तो दाब पायाला लक्षात राहू द्यायचा. मग तेवढ्याच भाराने चालायचं. तीन-चार दिवस दुखलं नाही, सूज वाढली नाही, तर आणखी १० किलो. साठ किलोचा माणूस असा पायरीपायरीने पूर्ण भारावर येतो. सुरुवात कधी करायची हे मात्र सर्जनने ठरवायचं. बुटाचा सोल जाड असतो, म्हणून दुसऱ्या पायात तितक्याच जाडीचा बूट घाला. नाहीतर कंबर धरते, आणि लोक त्याचं खापर ऑपरेशनवर फोडतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. एवढ्या उन्हाच्या मुलखातही ते कमी निघतं, कारण उन्हात कोणी थांबतच नाही. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात. आपल्या मनाने रोज घ्यायची नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दूध, दही, तीळ हे चांगलंच. जळगावकरांनी रागावू नये, पण केळ्यात कॅल्शियम नगण्य असतं. आणि तंबाखू, गुटखा, बिडी पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि या हाडाला रक्त आधीच कमी.

आता सगळ्यात धोक्याचा काळ. दुखणं थांबतं सहाव्या-सातव्या आठवड्यात, हाड तेव्हा पुरतं जुळलेलं नसतं. स्क्रूने चीर घट्ट धरलेली असते म्हणून दुखत नाही, एवढंच. गल्लीतला प्रत्येक जण म्हणतो, “आते दुखत नही ना? मंग खेय ना!” याच फटीत हाड पुन्हा तुटतं आणि स्क्रू वाकतो. एक्स-रेत चारपैकी तीन कडांवरून हाड सलग दिसेपर्यंत धावायचं नाही. शंका असेल तर सीटी स्कॅन. फुटबॉलपटू बेकहॅम एप्रिल २००२ मध्ये जायबंदी होऊन जूनच्या वर्ल्डकपला खेळला, हे उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं. त्याचं दुसरं मेटाटार्सल होतं, त्या हाडाचा हिशोब वेगळा. पाचव्याचं बघायचं तर रूनी २००४ च्या युरो कपमध्ये जूनअखेर मोडला तो सप्टेंबरच्या शेवटी परतला. नेमारचं फेब्रुवारी २०१८ मध्ये मोडलं, ऑपरेशन झालं, वर्ल्डकप खेळला, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेच हाड पुन्हा दुखावलं. स्क्रूनंतर १० ते १२ आठवडे ही चांगली चाल, त्याहून जास्त लागले तर घाबरायचं कारण नाही.

बूट सुटल्यावर पोटरी दिसते त्यापेक्षा जास्त गेलेली असते. गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती लांब राहिला, हे दोन्ही पायांचं मोजा, फरक दोन सेंटीमीटरच्या आत यायला हवा. एका पायावर टाच उचलणं हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक व्यायाम: सलग २५, आणि शेवटचीही पहिलीइतकीच उंच. रबराच्या पट्ट्याने पाऊल बाहेर वळवायचा व्यायाम उशिरा सुरू करा, कारण तो स्नायू या हाडाच्या मुळाशीच चिकटलेला असतो.

धावणं एक मिनिट, चालणं एक मिनिट, असे दहा फेरे, एक दिवसाआड, सरळ रेषेत. मग इंग्रजी आठच्या आकारात, मग झटक्यात वळणं. चेंडू आधी आतल्या बाजूने जवळचा पास, मग लांबचा, मग शॉट. टॅकल सगळ्यात शेवटी. एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय मॅच नाही. स्नायू दुखले तर चालेल, चिरेच्या जागी बोट दाबून दुखलं तर एक पायरी मागे. ही तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी करा, मैदानावर अंग तापलेलं असताना काही कळत नाही.

आपली मैदानं काळ्या मातीची किंवा मुरमाची. हिवाळा संपला की माती दगडासारखी होते, भेगा पडतात. तिथे लांब स्टडचे बूट घातले की स्टड रुतत नाहीत आणि सगळा भार दोन-चार टोकांवर येतो, त्यातलं एक नेमकं करंगळीच्या हाडाखाली. बारीक, दाट गुट्ट्यांचे टर्फ बूट घ्या, पंजाच्या रुंदीला पुरणारे. आत कडक कार्बनची इनसोल घातली की पाऊल कमी वाकतं. जुन्या चपलांची बाहेरची कड जास्त झिजलेली असेल तर तुमचा भार कडेवर पडतो, फिजिओला ती चप्पलच दाखवा. बाहेरच्या बाजूला पाचर दिली की फरक पडतो.

स्क्रू काढायचा का, हे सगळे विचारतात. खेळणं चालू असेल तर बहुतेक सर्जन तो राहू देतात, कारण काढल्यावर रिकाम्या झालेल्या हाडात पुन्हा तुटण्याचा धोका असतो. स्क्रूचं डोकं बुटाला घासून टोचत असेल, तर आधी बूट बदलून बघा.