एका पोळीला चार किलोमीटर

मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या उंच हाडांवरून फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या अशा लागत असतील तर ते हडकलंय. आता मूठ सोडून हात पालथा, सपाट धरा आणि बोटांच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. कातडीखाली हाडं कळतात, पण टोचत नाहीत. फासळ्या अशाच लागायला हव्यात. शेवटी हात उलटा करून तळव्याकडून चाचपा. हाडं आत कुठेतरी आहेत, पण दाबल्याशिवाय सापडत नाहीत. शहरातल्या फ्लॅटमधले बरेचसे लॅब्राडोर, बीगल आणि पग या तिसऱ्या प्रकारात बसतात, आणि घरचे म्हणतात, "आमचा अंगानेच भरलेला आहे."

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कारण डोळे बिघडलेले आहेत. आजूबाजूचे सगळे लॅब गादीसारखे दिसले की गादीच नॉर्मल वाटू लागते. मग योग्य वजनाचा कुत्रा फिरायला नेला की सोसायटीतल्या काकू विचारतात, "याला खायला घालत नाही का?" बांधा कसा हवा हे पाहायचं असेल तर कोपऱ्यावरचा धडधाकट गावठी कुत्रा बघा. वरून पाहिलं की फासळ्यांमागे कंबर आत गेलेली, बाजूने पाहिलं की पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं. दाट केसांच्या कुत्र्यात हे दिसत नाही, त्यामुळे पोमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हर असेल तर अंघोळीच्या वेळी, केस ओले असताना बघा.

पशुवैद्य यासाठी 1 ते 9 अशी पट्टी वापरतात. 4 किंवा 5 म्हणजे उत्तम. 5 च्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे योग्य वजनापेक्षा ढोबळमानाने 10 टक्के जास्त. तुमचा 38 किलोचा लॅब 8 वर असेल तर तो 30 टक्के जास्त आहे. 38 ला 1.3 ने भागा. त्याचं खरं वजन 29 किलोच्या आसपास असायला हवं. पुढचं सगळं गणित या 29 वर करायचं, 38 वर नाही. सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. पाकिटामागचा तक्ता बघताना लोक आजचं वजन शोधतात आणि जाड्या कुत्र्याला जाडच राहायला पुरेल एवढं मोजून घालतात. शिवाय त्या तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा हिंडत्या-फिरत्या कुत्र्यासाठी असतात. दिवसाचे अठरा तास टाईल्सवर पसरलेल्या आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याला तेवढं लागत नाही. नसबंदीनंतर गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र वाढते. ऑपरेशनचे टाके काढले त्याच आठवड्यात ताट कमी केलं असतं तर अर्धी लढाई झालीच नसती.

गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. योग्य वजन तीनदा गुणा: 29 × 29 × 29 = 24,389. त्याचं वर्गमूळ काढा, 156. त्याचं पुन्हा वर्गमूळ, साडेबारा. त्याला 70 ने गुणा: 875. नुसतं पडून राहण्यासाठी 29 किलोच्या शरीराला रोज एवढ्या कॅलरी लागतात. वजन उतरवताना दिवसभराचा एकूण कोटा एवढाच ठेवायचा. यातले फार तर 10 टक्के, म्हणजे 87 कॅलरी, खाऊसाठी. उरलेल्या 788 मुख्य जेवणाच्या. कोरड्या खाण्याच्या (ब्रँड कुठलाही असो, घरोघरी त्याला 'पेडिग्री'च म्हणतात) 100 ग्रॅममध्ये 350 कॅलरी असतील, तर दिवसाला 225 ग्रॅम. पाकिटावर कॅलरीचा आकडा असेल तर तोच धरा, कारण प्रत्येक प्रकारात तो वेगळा असतो.

आणि ते 225 ग्रॅम डिजिटल काट्यावर मोजायचे. वाटीने नाही, कपाने नाही, "अंदाजे दोन मुठी" तर नाहीच. एकाच कपात एकदा काठोकाठ आणि एकदा शीग लावून भरलं की 20-30 ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. लॅबला ते खपेल, चार किलोच्या पोमेरेनियनला नाही. त्याच्यासाठी हेच गणित केलं तर दिवसाचा कोटा जेमतेम 200 कॅलरी येतो.

आता घरातल्या हिशेबाकडे या. घडीची मध्यम पोळी, 120 कॅलरी. वर चमचाभर तूप, 45. अर्धा कप फुल क्रीम दूध, जवळपास 90. दोन ग्लुकोज बिस्किटं, 50. उकडलेलं अंडं, 70 ते 75. पनीरचे दोन-तीन तुकडे, म्हणजे 30 ग्रॅम, 85. दात साफ करणारी मोठ्या कुत्र्याची चघळकांडी, 75 च्या घरात. एका सरळसाध्या दिवशी लॅबच्या पोटात काय जातं बघा: आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, नाश्त्याला दूध-पोळी, दुपारी कांडी, संध्याकाळी पनीर चिरताना पडलेले तुकडे, रात्री सगळ्यांच्या ताटातली मिळून अर्धी पोळी. बेरीज 480. जेवणाचं भांडं अजून भरलेलंही नाही आणि निम्म्याहून जास्त कोटा संपला. पण विचारलं तर घरातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल, "मी तर फक्त एक तुकडा दिला." सगळे खरंच बोलत असतात.

म्हणून डाएट सुरू करण्याआधी एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. फ्रिजवर कागद लावा, शेजारी पेन लटकवा. कुत्र्याच्या तोंडात जे जाईल ते, देणाऱ्याच्या नावासकट. गोळी लपवून दिलेला पेढा, बाळाच्या खुर्चीखाली सांडलेला भात, मांजराच्या वाटीतलं उरलेलं, वॉचमनकाकांचं बिस्कीट, सगळं. मोलकरणीला आणि वॉचमनला यात सामील करून घ्या. त्यांना न सांगता केलेलं डाएट पंधरा दिवसांत कोसळतं.

खाऊ बंद करू नका, ते टिकत नाही. आजींना कुत्र्याला भरवायचंच असतं आणि त्यात गैर काही नाही. सकाळीच दिवसाच्या 225 ग्रॅममधलं मूठभर कोरडं खाणं वेगळ्या डब्यात काढून तो डबा आजींच्या हाती द्या. कुत्र्याला चव कमी आणि हातातून मिळणं जास्त महत्त्वाचं असतं. डबा रिकामा झाला की दिवसाचा खाऊ संपला. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून जेवणात उकडलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी घाला, मधल्या वेळी काकडी द्या. 100 ग्रॅम दुधीत 15 च्या आसपास कॅलरी, म्हणजे नगण्य. मात्र मीठ, फोडणी, तेल काही नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणजे शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत.

एक धोका इथे सांगायलाच हवा. नेहमीचं खाणं नुसतं निम्मं केलं तर कॅलरी निम्म्या होतात, पण प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वंही निम्मी होतात. मग चरबीबरोबर स्नायू झडतात. आधीच्या तुलनेत पाव भागापेक्षा जास्त कपात करावी लागणार असेल तर पशुवैद्याकडून वजन उतरवण्याचं खास खाणं घ्या. त्यात कॅलरी कमी आणि प्रथिनं, चोथा जास्त असतो. घरी शिजवून घालणाऱ्यांनी भात कमी करून चिकन वाढवलं की काम झालं असं समजू नये. चिकन-भातात मुळातच कॅल्शियम पुरेसं नसतं. तिथे पाककृती आणि पूरक पावडर जाणकाराकडूनच ठरवून घ्यावी. पिल्लू, गाभण किंवा पिलांना पाजणारी कुत्री यांना यातलं काहीही लागू नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लोकांची श्रद्धा जरा जास्तच आहे. चालताना कुत्रा ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी जाळतो. 30 किलोचा कुत्रा एक किलोमीटर चालला की 30 कॅलरी. एका पोळीला चार किलोमीटर, तूप लावलं असेल तर साडेपाच. सोसायटीला दोन फेऱ्या मारून हे फिटत नाही. फिरवायचं ते स्नायू टिकावेत, सांधे हलते राहावेत म्हणून. फार जाड असेल तर सुरुवात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. पळवणं, चेंडूमागे उड्या, जिने हे वजन उतरेपर्यंत नको. जादा वजनाच्या कुत्र्याच्या गुडघ्यातला लिगामेंट (हाडं एकत्र बांधणारा पट्टा) अशा एखाद्या झटक्यात तुटतो आणि मग ऑपरेशन. घरात गुळगुळीत टाईल्सवर पाय घसरतात, म्हणून त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी टाका. मार्च ते जून सकाळी सातच्या आत फिरवून आणा. जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो, पगसारख्या चपट्या नाकाच्याला तर फारच लवकर. पावसाळ्यात फिरणं बुडतं तेव्हा खाणं जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या किंवा घरभर दहा ठिकाणी लपवा. नाकाने शोधत खाण्यात वीस मिनिटं जातात, भांड्यातून तेच दोन मिनिटांत संपतं.

केविलवाणे डोळे हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. लॅबच्या बाबतीत ते नाटक नसतं, हेही खरं. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो. 2024 मध्ये पुढचं कळलं: अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि स्वस्थ बसलेलं असताना ते सुमारे एक चतुर्थांश कमी कॅलरी जाळतात. म्हणजे काही कुत्रे खरोखरच भुकेले असतात. पण ती भूक ताट भरून भागणारी नव्हे. एकूण तेवढंच ठेवून दोनाच्या जागी तीन-चार जेवणं करा. जेवताना टेबलाशी येऊन भुंकणं पहिले आठ-दहा दिवस वाढेल, कारण नेहमीची युक्ती चालत नाही म्हटल्यावर तो तीच जोरात करून बघतो. नवव्या दिवशी कुणी विरघळून तुकडा टाकला तर तो एवढंच शिकतो की नऊ दिवस भुंकावं लागतं.

दर पंधरा दिवसांनी वजन करा, सकाळी, शी-शू झाल्यावर, खाण्याआधी, आणि दर वेळी एकाच काट्यावर. छोट्या कुत्र्याला उचलून स्वतः काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. लॅबसाठी दवाखान्यातला जमिनीवरचा काटा बरा. आठवड्याला एक टक्का उतरलं तर उत्तम, 38 किलोच्या लॅबसाठी साधारण 380 ग्रॅम. दोन टक्क्यांच्या वर जात असेल तर खाणं थोडं वाढवा. या वेगाने नऊ किलो उतरायला सहा-सात महिने लागतात. तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर आधी फ्रिजवरचा कागद पुन्हा सुरू करा, कारण बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते. गळती नसेल तर कोटा 10 टक्क्यांनी कमी करा. तरीही ढिम्म असेल तर रक्त तपासा.

"थायरॉइडमुळे असेल" हे मात्र पहिलं कारण म्हणून पुढे करू नका. थायरॉइड मंदावलेला कुत्रा सुस्त होतो, उबेला जाऊन बसतो, शेपटीचे केस विरळ होतात. नुसता टी4 (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आला म्हणून गोळ्या सुरू करू नयेत, तो दुसऱ्या आजारांतही उतरतो, सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) पाहावा लागतो. पाणी खूप पिणं, वारंवार लघवी आणि लोंबणारं पोट असेल तर कुशिंग्जची, म्हणजे शरीरातच स्टेरॉइड जादा तयार होण्याच्या आजाराची शंका. खाजेसाठी प्रेडनिसोलोन किंवा फिट्ससाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तर भूक त्याने वाढते. अशा गोळ्या मनाने बंद करू नका, कोटा बदला.

एवढी खटपट कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग. 48 लॅब्राडोर पिलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं. 2002 मध्ये निकाल छापून आले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, दुसऱ्या गटाचं 11.2. सांधेदुखीची औषधंही त्यांना उशिरा लागली. आणि दुसरा गट काही ढोल नव्हता. 9 च्या पट्टीवर त्यांची सरासरी 7 च्याही आतच होती, म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅबपेक्षा कदाचित बारीकच.

29 वर पोचल्यावर लगेच जुन्या ताटावर जाऊ नका. उतरलेल्या शरीराची गरज कमीच राहते. दर दोन आठवड्यांनी 10 टक्के वाढवत जा, वजन स्थिर झालं की थांबा, मग महिन्यातून एकदा काटा पुरे. आणि गळ्यातला पट्टा, हार्नेस मधूनमधून तपासा. नऊ किलो उतरेपर्यंत तो दोन भोकं तरी आत घ्यावा लागतो, नाहीतर भर रस्त्यात फटाका वाजला की कुत्रा मान काढून मोकळा.