आज तहसीलच्या बैठकीला गेलतो

आमदार साहेबांनी आज आरोग्यवाले आणि एसटीवाले एकाच टेबलाला बसवले, हे लई बरं केलं, कारण खेड्यात हे दोन विषय वेगळे नाहीतच. आरोग्यवाल्यांनी रजिस्टर काढलं, स्टाफ आहे, औषध आहे म्हणले. साहेबांनी विचारलं, रात्री शेतात साप चावला तर इंजेक्शन कुठं मिळतंय? तर म्हणले तालुक्याला. लगेच डेपोवाल्याला विचारलं, तालुक्याला शेवटची गाडी कवा? तर दिवस मावळायच्या आधीच!

१०८ ची गाडी २०१४ पासून आहे आणि तिनं कितीतरी जीव वाचवले हे मान्यच, पण बीपी शुगरच्या गोळ्या आणायला, बाळंतिणीला तपासणीला न्यायला १०८ येत नाही, तिथं एसटीच लागते. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना फुकट, योजना खरंच चांगली आहे पण फाट्यावर गाडीच थांबंना तर म्हातारीनं कार्ड दाखवायचं कुणाला? माझ्या मनातलंच विचारलं साहेबांनी.

मुक्कामी गाडी परत चालू करायचं लेखी मागितलंय. पुढच्या बैठकीला गावातल्या आशाताईंना पण बोलवा, कोणाचा दवाखाना कशामुळं हुकला ते त्यांना घरनिहाय माहीत असतं.